महिन्याभराच्या नव्या अल्बमांवर मत लिहायचं, तर आधी ऐकायचं कसं

आठ अल्बम, प्रत्येकी साधारण ४५ मिनिटं, प्रत्येक तीन वेळा. म्हणजे १८ तास. नोकरी आणि घर सांभाळून महिन्याला एवढाच वेळ निघतो, म्हणून आकडा आठवर थांबवा. एका महिन्यात वीस अल्बमांवर लिहायचं ठरवलं की त्यातले बरेचसे एकदाच, तेही भांडी घासताना किंवा लोकलच्या गर्दीत ऐकले जातात आणि मजकुरात ते लगेच दिसतं. उल्लेख सगळे पहिल्या दोन गाण्यांचे असतात आणि विशेषणं प्रसादासारखी सगळ्यांना सारखी वाटलेली असतात. मत तुमचं स्वतःचं असतं हे खरं, पण ते कुठल्या गाण्यात, कितव्या मिनिटाला, कशामुळे झालं हे दाखवता आलं तरच वाचकाला त्याचा उपयोग. पुढची सगळी पद्धत तेवढ्यासाठी आहे.

महिना कुठून कुठपर्यंत धरायचा

१० जुलै २०१५ पासून जगातल्या बहुतेक बाजारपेठांत नवे अल्बम शुक्रवारी निघतात. त्याआधी अमेरिकेत मंगळवार आणि ब्रिटनमध्ये सोमवार असायचा. त्यामुळे महिना शुक्रवारांत मोजा, पण कॅलेंडरचा महिना जसाच्या तसा उचलू नका. तसं केलं तर पहिल्या शुक्रवारचा अल्बम तुमच्या कानात चार आठवडे मुरतो आणि शेवटच्या शुक्रवारचा दोन दिवसांत उरकला जातो. मग नव्याची नवलाई किंवा थकवा, दोन्हींपैकी एक त्या शेवटच्या अल्बमच्या वाट्याला येतं.

उपाय सोपा आहे. गेल्या महिन्याचा शेवटचा शुक्रवार ते या महिन्याचा शेवटून दुसरा शुक्रवार, एवढी खिडकी धरा. शेवटचा आठवडा फक्त तिसऱ्या ऐकण्यासाठी आणि लिहिण्यासाठी मोकळा ठेवा. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी कितीही गाजावाजा झालेला अल्बम आला तरी तो पुढच्या आढाव्यात.

मराठी संगीताला हा शुक्रवार नेहमी लागू पडत नाही. चित्रपटाची गाणी प्रदर्शनाआधी काही आठवडे एकेक करून यूट्यूबवर येतात. अभंगांचे संच आषाढी एकादशीच्या आधी, गणपतीची गाणी भाद्रपद लागण्याच्या आधी येतात आणि दिवाळीच्या तोंडावर आणखी एक लाट असते. या काळात आठांपैकी निदान तीन जागा मराठीसाठी आधीच राखून ठेवा, नाहीतर शुक्रवारच्या याद्या बघता बघता त्या इंग्रजी-हिंदीनेच भरतात. चित्रपटाची गाणी आणि स्वतंत्र अल्बम यांना मात्र एकाच क्रमवारीत बसवू नका. चित्रपटातलं गाणं प्रसंगासाठी बांधलेलं असतं, मागचं-पुढचं गाणं त्याला ठाऊक नसतं. स्वतंत्र अल्बममध्ये क्रम हाही रचनेचा भाग असतो आणि त्याबद्दल जाब विचारता येतो.

नवं दिसतं ते सगळं नवं नसतं

यादीत घेण्याआधी दोन मिनिटं खर्च करून तीन गोष्टी बघा.

एक, गाण्यांच्या तारखा. आजकाल दहा गाण्यांच्या अल्बममधली चार-पाच गाणी आधीच सुटी प्रसिद्ध झालेली असतात. ती वगळून नवं किती उरतं ते मोजा आणि लिहिताना वाचकाला सांगा. डीलक्स आवृत्तीत बहुधा जुना अल्बम तसाच असतो आणि शेवटी तीन-चार गाणी जोडलेली असतात. तिथे फक्त जोडलेल्या गाण्यांवर लिहा.

दोन, वर्तुळातल्या पी अक्षराशेजारचं वर्ष. ती खूण ध्वनिमुद्रणाच्या हक्काची असते. अल्बमच्या पानाच्या तळाशी ती सापडते. जुन्या मैफिली आणि भावगीतं नव्या मुखपृष्ठासह नव्या तारखेला चढवली जातात. तळाशी १९७८ लिहिलेलं असेल तर तो या महिन्याचा अल्बम नाही, हे पुनःप्रकाशन आहे. त्यावर जरूर लिहा, पण वेगळ्या शीर्षकाखाली.

तीन, लांबी. ॲपल म्युझिक चार ते सहा गाणी आणि ३० मिनिटांहून कमी लांबी असलेल्या संचाला ईपी, म्हणजे छोटा अल्बम, म्हणतं. बऱ्याच मराठी चित्रपटांचे संच या मापात ईपी ठरतात. तुम्ही कुठलंही माप घ्या, पण ते सगळ्यांना सारखं लावा. ख्यालाच्या, म्हणजे रागदारी गायनाच्या, अल्बमला गाण्यांची संख्या लावून चालत नाही. एकच राग ५० मिनिटं असू शकतो, तिथे मिनिटं मोजा.

ऐकण्याआधी फोनमधल्या कुठल्या गोष्टी बंद करायच्या

मतं चुकण्याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आवाजाची पातळी हे आहे. दोन रेकॉर्डिंग एकसारखी असूनही त्यातलं एक डेसिबलभर मोठं वाजलं तर ते "मोठं" वाटत नाही, "जास्त चांगलं" वाटतं. हळू आवाजात खर्ज आणि वरची झळाळी दोन्ही कानाला कमी जाणवतात, म्हणून हळू ऐकलेला अल्बम पोकळ वाटतो. तेव्हा:

सगळे अल्बम एकाच ॲपवर ऐका. स्पॉटिफायची सर्वसाधारण पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आहे, ॲपल म्युझिकच्या साउंड चेकची उणे १६. एक अल्बम इथे आणि दुसरा तिथे ऐकला तर दोन डेसिबलांचा फरक तुमच्या मतात शिरतो. नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सेटिंग, चालू ठेवा. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, पण हळू रेकॉर्डिंग वर उचलत नाही. म्हणून तिथे पॉप गाण्यानंतर लावलेला ख्याल दबलेला वाटतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये "स्टेबल व्हॉल्यूम" दिसलं तर बंद करा. ते हळू आणि मोठ्यातला फरकच बुजवतं आणि आलापाचा चढ त्या फरकावरच उभा असतो.

अल्बम अल्बमच्याच पानावरून लावा, प्लेलिस्टमध्ये टाकून नको. स्पॉटिफाय अल्बम सलग वाजवताना सगळ्या गाण्यांची पातळी एकत्र हलवतं, त्यामुळे मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं हळूच राहतं. मिश्र प्लेलिस्टमध्ये तेच गाणं वेगळं उचललं जातं आणि संगीतकाराने ठेवलेला उतार नाहीसा होतो. शफल, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळणं) आणि अल्बम संपल्यावर आपोआप सुरू होणारी गाणी, तिन्ही बंद. गाण्यांचा क्रम ही कलाकारांच्या दृष्टीने किती जिव्हाळ्याची गोष्ट आहे, याची खूण म्हणजे नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका अडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरच्या मुख्य बटणातून शफल काढून टाकलं.

ॲपल म्युझिकवर डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा भासवणारी आवृत्ती, बंद ठेवा. ते मिश्रण वेगळं केलेलं असतं. गायकाचा आवाज मागे सरकल्यासारखा वाटला तर दोष अल्बमचा नसून आवृत्तीचा असू शकतो. ॲटमॉसवर लिहायचंच असेल तर तसं स्पष्ट नमूद करा.

गाणी आधी डाउनलोड करा. नेटवर्कप्रमाणे दर्जा बदलणारी "ऑटोमॅटिक" सेटिंग ठेवली की बोगद्यात शिरल्यावर झांजांचा आवाज भुसभुशीत होतो आणि आपण मास्टरिंगला, म्हणजे रेकॉर्डिंगवरच्या शेवटच्या हाताला, नावं ठेवतो. ३२० केबीपीएसला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे ४५ मिनिटांच्या अल्बमला १०८ एमबी आणि आठ अल्बमांना ८६४ एमबी. फोनमध्ये एक जीबी मोकळी असली की झालं.

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर एकही मत बनवू नका. त्यातून तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा जवळजवळ ऐकूच येत नाही. ढोलकीच्या दोन बाजूंच्या नादांतला फरकही निघून जातो. शे-दोनशे रुपयांचे तारेचे इअरफोनही त्यापेक्षा बरे. दर वेळी आवाज बसवण्यासाठी एक जुनं, पाठ असलेलं गाणं ठरवून ठेवा. ते जिथे नेहमीसारखं वाटेल तिथे आवाज सोडा आणि मग नवा अल्बम लावा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे. १८ तास त्यात बसतात, पण एका बैठकीत दोनपेक्षा जास्त अल्बम घेऊ नका. दमलेल्या कानाला तिसरा अल्बम कर्कश वाटतो आणि दोष मिक्सिंगवर जातो.

तीन वेळा ऐकायचं, तीन वेगळ्या कामांसाठी

पहिल्यांदा सलग ऐका, मध्ये न थांबता. वहीत शब्द लिहू नका, फक्त गाण्याचा क्रमांक आणि वेळ टिपा: ३ – १:४०, ७ – ०:५२. आवडलं तर अधिक, खटकलं तर उणे, लक्ष भरकटलं तर शून्य. भरकटल्याची नोंद सर्वांत प्रामाणिक असते, ती टाळू नका. यूट्यूबवरचं गाणं असेल तर फोन पालथा ठेवा. चांगल्या छायाचित्रणाने सामान्य चाल सहज खपून जाते. इतर कुणाचं परीक्षण अजून वाचू नका. एकदा वाचलं की त्यातला नेमका शब्द तुमच्या वहीत उतरतो आणि तो आपलाच वाटायला लागतो.

दुसऱ्यांदा दोन-तीन दिवसांनी, शब्द आणि श्रेयनामावली समोर ठेवून. पहिल्या वेळच्या प्रत्येक खुणेपाशी जा आणि कारण शोधा. ठेका बदलला? कोरस शिरला? अंतरा मुखड्याच्याच चालीवर परत आला? कारण सापडलं की एक वाक्य लिहा. खूण तशीच राहिली, कारण सापडलं नाही, तर तेही लिहून ठेवा; तिसऱ्या वेळी बहुधा सापडतं. याच फेरीत सहाव्या ते नवव्या गाण्याकडे जास्त लक्ष द्या. स्ट्रीमिंगवर ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं, त्यामुळे जोरकस गाणी पुढे आणि गाण्याच्या सुरुवातीच्या लांब सुरावटी बाद, असा अनेक अल्बमांचा साचा झाला आहे. अल्बम खरोखर विचार करून केला आहे की नाही, हे मधल्या गाण्यांत कळतं.

तिसऱ्यांदा निदान पाच दिवसांच्या अंतराने. लावण्याआधी वही मिटून आठवा, किती गाण्यांचा मुखडा गुणगुणता येतो? दहांपैकी तीन आले तर उत्तम. एकही आला नाही, तर पहिल्या दिवशीचं कौतुक आवाजाच्या भपक्याचं होतं असं समजा. ही कसोटी ख्यालाला किंवा वाद्यवादनाला लावू नका, तिथे आठवणीत राहतो तो रागाचा रंग. ही फेरी खोलीतल्या स्पीकरवर करा. हेडफोनवर कानापाशी कुजबुजणारा आवाज खोलीत आला की वाद्यांखाली गाडला जातो, आणि घरोघरी ऐकलं जातं ते तिथेच. त्याच कलाकाराचा मागचा अल्बम ऐकायचा तर यानंतर. आधी ऐकला की मत तुलनेतच अडकून पडतं.

मराठी गाण्यात कान कुठे लावायचा

इथे मराठी ऐकणारा जे पकडू शकतो, ते दुसऱ्या कुणालाही पकडता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

उच्चार आधी. "चंद्र" आणि "चांदणं" यांतले दोन च वेगळे आहेत. "माझी" आणि "माझा" यांतले झ वेगळे आहेत. मराठी न बोलणारा गायक दोन्हीकडे हिंदीचा च-झ लावतो आणि "माझा" परका होतो. ळ चा ल होणं तर सगळ्यांनाच कळतं. न आणि ण कडेही लक्ष द्या, विशेषतः द्रुत ओळीत. एखाददुसरी चूक सोडून द्या. पण मुखड्यातला शब्द चुकत असेल तर तो गाण्यात आठ वेळा चुकतो, तिथे बोललंच पाहिजे.

मग चाल आणि शब्द. ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर पडला की "नदी"ची "नादी" होते. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) किंवा जोराच्या मात्रेवर "आणि", "की", "तर" असे शब्द येत असतील तर चाल आधी झाली आणि शब्द नंतर कोंबले, असा कयास बांधता येतो. श्वास कुठे घेतला ते ऐका. शब्दाच्या मध्येच तोडला असेल तर ओळ पाठ व्हायच्या आधी ध्वनिमुद्रण झालं, किंवा चालीत श्वासाला जागाच ठेवली नाही. पहिला दोष गायकाचा, दुसरा संगीतकाराचा. दोष कुणाच्या पदरात टाकायचा ते ठरवल्याशिवाय लिहू नका. स आणि श कानाला टोचत असतील तर गायक दोषी नाही, मायक्रोफोन किंवा मास्टरिंग. द्वंद्वगीतात एकाचा आवाज वर ताणलेला आणि दुसऱ्याचा खाली बसलेला वाटला तर पट्टी ठरवताना तडजोड झाली आहे.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ पासून, ऑटोट्यून आल्यापासून, वापरात आहे आणि आता जवळपास सगळीकडे असतं. ते असणं हा दोष नाही. ते मींड (सुरांमधली घसर) आणि मुरकी (सुरांची छोटी झटकन घेतलेली वळणं) यांचं काय करतं ते ऐका. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज मध्येच पायऱ्या उतरल्यासारखा वाटला, किंवा मुरकीचे कोपरे गुळगुळीत झाले, तर पट्टा घट्ट आवळलेला आहे. रॅपमध्ये किंवा नाचाच्या गाण्यात तोच परिणाम मुद्दाम वापरलेला असतो आणि शोभतोही. भावगीतात तो जीव घेतो.

ठेका खरा की यंत्रातला, हे चार आवर्तनं मोजून कळतं. प्रत्येक आवर्तनातला "धा" हुबेहूब तेवढ्याच जोराने, तेवढीच आस (मागे रेंगाळणारा नाद) घेऊन आला तर नमुना चिकटवलेला आहे. माणसाच्या हातात दोन धा सारखे पडत नाहीत. अभंगात टाळांकडे बघा. दहा टाळकऱ्यांच्या टाळांत किंचित पुढे-मागे होतं आणि त्यातूनच भरणा येतो. एकच टाळ दहा वेळा वाजवून केलेला भरणा पत्र्यासारखा लागतो. अभंग कुणाचा हे श्रेयनामावलीवर सोडू नका, नाममुद्रा ऐका: "तुका म्हणे", "नामा म्हणे", "चोखा म्हणे", "एका जनार्दनी". पानावर एका संताचं नाव आणि शेवटच्या चरणात दुसऱ्याची मुद्रा, असं वारंवार सापडतं. अशी चूक दिसली तर आढाव्यात दुरुस्ती द्या. सवयीने "पारंपरिक" लिहून मोकळं होण्यापेक्षा ते मोलाचं आहे.

ख्यालाच्या अल्बमसाठी वहीत आधी एवढं लिहा: राग, ताल, विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) भागांची मिनिटं, साथीदार, मैफलीतलं की स्टुडिओतलं. मग घड्याळ लावून विलंबिताचं एक आवर्तन समेपासून समेपर्यंत मोजा. बारा मात्रांचा एकताल ४८ सेकंदांत पुरा होत असेल तर मात्रेला चार सेकंद, म्हणजे अतिविलंबित. हा आकडा दिला की "संथ, ध्यानमग्न" वगैरे लिहायची गरज उरत नाही. तीन वेळा ऐकताना एकदा फक्त साथीकडे लक्ष ठेवा. हार्मोनियम गायकाच्या मागे चालते की त्याच्यावर चढते, तंबोरा शेवटपर्यंत ऐकू येतो की मिक्सिंगमध्ये हरवतो. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे झुलवत घ्यायचा, गंधार सपाट झाला असेल तर वर सांगितलेला सॉफ्टवेअरचा मुद्दा इथेही लागू.

लिहायला बसताना

आठही अल्बमांना सारखी जागा देऊ नका. दोनांना २५०-३०० शब्द, चारांना शंभराच्या आसपास, उरलेल्या दोनांना ४०. एकूण हजाराच्या आसपास शब्द होतात आणि तेवढं लोक एका बैठकीत वाचतात. जास्त जागा सर्वांत आवडलेल्यांनाच द्यायची असं नाही. ज्याबद्दल बोलण्यासारखं सर्वांत जास्त आहे त्याला द्या. फसलेला धाडसी अल्बम बऱ्याचदा तीच जागा मागतो.

सुरुवात मधल्या, ना फार आवडलेल्या ना नावडलेल्या अल्बमांपासून करा. टोकाची मतं कधीही लिहून होतात, मधली शेवटी राहिली की दोन ओळींत गुंडाळली जातात.

"अप्रतिम", "श्रवणीय", "मनाला भिडणारं", "काळजाचा ठाव घेणारं" हे शब्द आधी खोडा आणि त्यांच्या जागी वहीतली वेळ ठेवा. "चौथं गाणं फारच भावपूर्ण आहे" यातून काही कळत नाही. "चौथ्या गाण्यात २:१० ला ढोलकी थांबते, नुसत्या तंबोऱ्यावर मुखडा एकदा हळू येतो आणि त्यानंतर तोच ठेका दुपटीने लागल्यासारखा वाटतो" हे वाचून माणूस गाणं लावतो. वेळ ऑडिओ आवृत्तीची द्या, कारण व्हिडिओच्या सुरुवातीला संवाद जोडलेले असले की आकडे पुढे सरकतात.

तारे देऊ नका. साडेतीन आणि चार यांतला फरक लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक अल्बमखाली दोन ओळी: कुठली दोन गाणी आधी ऐकावीत आणि हा अल्बम कुणी सोडला तरी चालेल. दुसरी ओळ लिहायला जड जाते, पण वाचकाचा वेळ तीच वाचवते.

गाण्याच्या ओळी उद्धृत करताना दोन ओळींपुढे जाऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा देतं, अख्खं गीत छापायला नाही. ॲपवर दिसणारे शब्द तसेच उतरवू नका, मराठीत त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि शब्द तोडण्याच्या चुका फार असतात. कानाने तपासा. ऑडिओचा तुकडा जोडायचा मोहही टाळा. यूट्यूबची स्वयंचलित तपासणी काही सेकंदांचा तुकडाही पकडते, मग खरा-खोटा वाद घालत बसावं लागतं. दुवा द्या. कलाकार ओळखीचा असेल किंवा अल्बम भेट मिळाला असेल तर ते त्याच परिच्छेदात सांगा, तळटीपेत नको.

मसुदा झाल्यावर एक दिवस थांबा आणि फक्त उणे खुणा असलेली गाणी पुन्हा एकदा लावा. टीका छापण्याआधी ती अजून खरी वाटते का ते बघायला अर्धा तास पुरतो. मग इतरांची परीक्षणं वाचा; त्यांनी दाखवलेली वस्तुस्थितीची चूक सुधारा, मत मात्र बदलू नका.

वही फेकू नका. तीन महिन्यांनी आठांपैकी कुठले अल्बम स्वतःहून परत लावले गेले ते तपासा. एखाद्याबद्दलचं मत बदललं असेल तर जुना मजकूर न खोडता खाली तारीख घालून नवं मत जोडा, आणि कुठल्या गाण्यामुळे बदललं ते त्याच्या मिनिटासकट लिहा.